जाऊ नको

माझा नवरा म्हणतो, मी जळफळाटात एम.ए. केलं आहे. प्रत्यक्षात केलं आहे ते इतिहासात, आणि त्यातही माझा आवडता पेपर प्राचीन ग्रीसचा होता. शेकडो लहान लहान नगरं, भाषा एक, देव तेच, आणि तरी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या उरावर बसलेली. पुण्यात वसतिगृहाच्या खोलीत ते वाचताना मला त्या लोकांचं हसू यायचं. एवढंसं नगर, तटाबाहेर चार शेतं, आणि शेजाऱ्याकडे दोन जहाजं जास्त दिसली की यांच्या पोटात दुखायला लागायचं. आता हसू येत नाही. आता मी दुबईच्या पलीकडे अजमानला राहते आणि माझी धाकटी जाऊ अबुधाबीच्या खलिफा सिटीत राहते.

आधीच सांगून टाकते, ती वाईट बाई नाही. वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं. ती आर्किटेक्ट आहे, गोड बोलते, कोणाचा वाढदिवस विसरत नाही. मी शारजातल्या एका काँट्रॅक्टिंग कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. म्हणजे लोकांनी काढलेल्या ड्रॉइंगवर तारखेचा शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि ती फायलीत लावायची. ड्रॉइंग काढणारी ती आणि फायलीला लावणारी मी. देवाने हे मुद्दाम केलं असावं अशी मला शंका आहे.

माझा दीर या देशात पहिल्यांदा आला तेव्हा चार महिने आमच्या हॉलमधल्या सोफ्यावर झोपला होता. त्याच्या पहिल्या इंटरव्ह्यूचा शर्ट मी इस्त्री केला. लग्न होऊन जाऊ आली तेव्हा तिला कुठे काय मिळतं, कोणत्या दुकानात कढीपत्ता ताजा असतो, सगळं मी दाखवलं. आता त्यांच्या व्हिलाच्या फाटकावर बोगनवेल आहे आणि आमच्या खिडकीसमोर शेजारच्या इमारतीचे एसी. आम्ही तिथे गेलो की नवरा गाडीतून उतरताना दरवेळी म्हणतो, "काय शांत आहे गं इथे." मी दरवेळी ऐकून घेते.

पण घर, फाटक, बोगनवेल हे सगळं मी पचवलं असतं. मला खुपत होती ती माझी मुलगी.

ती तेव्हा तेरा वर्षांची होती, आठवीत. तिची शाळा दुबईत ऊद मेथाला. नवऱ्याचं ऑफिस त्याच बाजूला, त्यामुळे तो तिला घेऊन पहाटे साडेपाचला निघायचा, नाहीतर शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेच. दारात ती म्हणायची, "बाय." मी म्हणायचे, "बाय नाही. येते म्हणावं." आपल्याकडे घरातून निघताना कोणी जाते म्हणत नाही, हे मी तिला ती पाच वर्षांची असल्यापासून सांगत होते. ती लिफ्टचं बटण दाबत म्हणायची, "आई, आय ॲम लिटरली गोइंग." आणि दार बंद व्हायचं.

याच मुलीला काकूकडे गेलं की मराठी सुचायचं. काकूने तिला वहीच्या कागदाची घरं करायला शिकवली, पोहायला शिकवलं, केस कापून आणले. शुक्रवारी शाळा दुपारीच सुटली की काका येऊन तिला घेऊन जायचा आणि रविवारी संध्याकाळी ती परत यायची, ती घरभर काकूपुराण सांगतच. काकूकडे भेंडी कुरकुरीत असते. काकू ओरडत नाही. मी भेंडी चांगली करते. ओरडते हे खरं आहे.

मग दिवाळीच्या सुमारास दिराने प्रस्ताव मांडला. एप्रिलपासून नववी सुरू होईल, तर तिला आमच्याकडेच राहू द्या. तिकडच्याच शाळेत घालू, खलिफा सिटीपासून ती दहा मिनिटांवर, बस दारात येते, एवढ्या पहाटे उठायला नको. "घरचंच आहे ना, दादा," तो म्हणाला. जाऊ नुसती माझ्या मुलीकडे बघून हसली. मुलगीही हसली. नवरा म्हणाला, "विचार करू." नवरा विचार करू म्हणतो तेव्हा त्याचा विचार करून झालेला असतो, हे मला लग्नाच्या सोळा वर्षांत कळलेलं आहे. रोज गाडीत मान टाकून झोपलेली पोर त्याला दिसत होती. मला दिसत होती ती तिची रिकामी कॉट.

जानेवारीत शाळेने ग्रीक सभेचा कार्यक्रम काढला. वर्गातल्या मुलांना एकेक नगर चिठ्ठी टाकून दिलं. अथेन्स, स्पार्टा, थीब्ज, कॉरिंथ. ज्याने त्याने आपल्या नगराची बाजू मांडायची, भांडायचं, तह करायचे, पालकांसमोर. माझ्या मुलीला कॉर्सिरा आलं. ती रडकुंडीला आली होती. "नोबडी हॅज इव्हन हर्ड ऑफ इट."

मी ऐकलं होतं. मी कॉर्सिरावर पंधरा गुणांचा प्रश्न लिहिलेला होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या घरात माझा विषय आला. मी पीठ मळायचं सोडून तिच्यासमोर बसले आणि हाताला कणीक तशीच असताना सांगायला लागले.

कॉर्सिरा म्हणजे कॉरिंथची मुलगी. त्या काळी एखाद्या नगरात माणसं जास्त झाली की थोडी जहाजात बसवून दूर पाठवायचे आणि ती नवं नगर वसवायची. मूळ नगराला ते लोक आईनगरच म्हणायचे. जाताना आईच्या चुलीतला विस्तव बरोबर नेण्याची रीत होती. मुलीने पुढे आपलं आपण बघायचं, पण आईचा मान ठेवायचा. यज्ञ झाला की पहिला वाटा आईच्या गावाहून आलेल्या माणसाला द्यायचा. कॉर्सिरा श्रीमंत झालं, त्याच्याकडे भरपूर जहाजं आली, आणि त्याने हा मान देणं सोडलं. कॉरिंथचं पित्त खवळलं. मग एका तिसऱ्याच गावावरून दोघांचं वाजलं. कॉरिंथने दोन वर्षं खपून आरमार उभं केलं, तेव्हा घाबरून कॉर्सिरा गेलं अथेन्सकडे. अथेन्स म्हणालं, आम्ही भांडत नाही, फक्त मदत करतो. दहा जहाजं पाठवली. तिथून जे पेटलं ते सत्तावीस वर्षं विझलं नाही.

मुलीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ओके, बट काकू इज ऑलरेडी हेल्पिंग मी. वी आर मेकिंग अ शिप."

फक्त मदत. दहा जहाजं.

लोक त्या युद्धाला अथेन्स आणि स्पार्टाचं युद्ध म्हणतात. पण स्पार्टाला घराबाहेर काढलं कॉरिंथने. सभेत जाऊन, डिवचून, तुम्ही झोपला आहात म्हणून हिणवून. मला परीक्षेच्या वेळी कॉरिंथ हे फार हलकं नगर वाटलं होतं. त्या रात्री पोळ्या लाटताना मला पहिल्यांदा त्याची दया आली.

कारण पहिला वाटा न मिळणं काय असतं ते मला माहीत होतं. गणपती आमच्याकडे बसायचा, अजमानला, आम्ही थोरले म्हणून. पण दिवाळीआधीच्या गणपतीत दीर म्हणाला, आमच्याकडे जागा आहे, पार्किंगही आहे. अथेन्सनेही असंच मित्रनगरांचा खजिना डेलॉस बेटावरून स्वतःकडे हलवला होता, सुरक्षित राहील म्हणून. मी एकवीस मोदक करून डबा मांडीवर घेऊन खलिफा सिटीला गेले, तर जाऊ हात धरून म्हणाली, "वहिनी, तुम्ही आज काही करायचं नाही. मस्त पाहुण्यासारख्या बसा." मी बसले. आरतीनंतर माझी मुलगी प्रसादाचं ताट घेऊन फिरली. पहिला मोदक तिने काकूला दिला. मग काकूच्या ऑफिसातल्या बायकांना. माझ्यापर्यंत ताट आलं तेव्हा त्यात पेढे उरले होते. मोदक मी केलेले होते. हे कोणालाही सांगितलं तर हसतील, म्हणून मी सांगितलं नाही. रात्री नवऱ्याला मात्र उगाचच बोलले की गाडी फार जोरात चालवतोस.

आता त्या मेसेजबद्दल.

कार्यक्रम शनिवारी सकाळी होता. त्याच्या आदल्या शुक्रवारी मी ऑफिसात होते आणि मुलगी शाळेतून परस्पर काकूकडे जहाज पुरं करायला जाणार होती. तिथेच राहून शनिवारी काकूबरोबर थेट कार्यक्रमाला येणार, असं तिचं तिने ठरवूनही टाकलं होतं. तिने फोनवर मला लिहिलं, "गोइंग टु काकूज. सी यू टुमॉरो." विचारलं नव्हतं, कळवलं होतं. माझं डोकं सटकलं. मी लिहिलं: जाऊ नको. आता खूप झालं.

समोर एक सब-काँट्रॅक्टर, "मॅडम, यल्ला, स्टँप," म्हणत घाई करत उभा होता. मी फोन उलटा ठेवला आणि शिक्के मारले. अर्ध्या तासाने बघितलं तर तो मेसेज मुलीला गेलेलाच नव्हता. तो गेला होता घरच्या ग्रुपवर. सांगलीला सासूबाई, इथे आम्ही चौघं, नवऱ्याची बहीण, सगळे ज्यावर आहेत त्या ग्रुपवर. आणि माझ्या मेसेजच्या बरोबर वर नवऱ्याचा प्रश्न होता: "उद्याच्या कार्यक्रमाचे तीनच पास आहेत. आपण दोघं धरून तिसरं कोण?"

त्याखाली मी. जाऊ नको. आता खूप झालं.

सगळ्यांनी वाचलं होतं. मग नणंदेने नुसता हात जोडल्याची खूण टाकली, आणि तिच्याखाली जावेचे तीन शब्द आले: "ठीक आहे वहिनी."

सासूबाईंचा फोन आला. "अगं, असं चारचौघांत लिहितात का? मनात असलं तरी?"

"आई, मी तिला लिहिलं होतं. जाऊ नकोस, म्हणजे नको जाऊ, अशा अर्थाने."

"कुणाला? कुठे?"

"मुलीला. खलिफा सिटीला."

"म्हणजे धाकटीकडे जाऊ नको," त्या म्हणाल्या. "मग निराळं काय झालं?"

सोळा वर्षं मी मराठी शब्द या घरात जपून वापरले आणि ऐन वेळी एका शब्दाने माझा काटा काढला. अथेन्समध्ये साथ आली तेव्हा म्हाताऱ्यांना एक जुनी भविष्यवाणी आठवली होती, की युद्ध येईल आणि त्याच्याबरोबर लोइमॉस येईल. काही म्हणाले, लोइमॉस नव्हे, लिमॉस. एक म्हणजे साथ, दुसरं म्हणजे दुष्काळ, आणि कानाला फरक जेमतेम. माणसं समोर साथीने मरत होती म्हणून साथ हाच शब्द खरा ठरला. दुष्काळ पडला असता तर दुसरा ठरला असता. माझं तर त्याहून वाईट. माझे दोन्ही अर्थ खरे होते.

दीर मुलीला आणायला गेलाच नाही. ती वडिलांबरोबर अजमानला आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "यू डिड दॅट इन फ्रंट ऑफ एव्हरीबडी."

"मी चुकून..."

"द शिप इज देअर, आई. हाफ माय स्पीच इज देअर."

मी कपाटावरची बॅग काढून माझी एम.ए.ची वही तिच्या टेबलावर ठेवली. पिवळी पडलेली फुलस्केप वही, पानापानावर निळ्या शाईत माझं तेव्हाचं टपोरं अक्षर. ती वहीकडे बघायलाही तयार नव्हती. मी जेवायला हाक मारली तर भूक नाही म्हणाली. मी भेंडी केली होती, कुरकुरीत.

शनिवारी सभागृहात नवरा आणि मी शेजारी बसलो. तिसऱ्या खुर्चीवर मी पर्स ठेवली. तिसरा पास पर्समध्येच होता. सकाळी मी तो जावेला पाठवायचं तीनदा ठरवलं आणि तीनदा फोन ठेवून दिला. एकदा तर फोटो काढूनही झाला होता.

कॉरिंथ झालेल्या मुलाने तावातावाने भाषण केलं. आम्ही तुम्हाला जन्म दिला, तुम्ही कृतघ्न आहात, आमचा मान ठेवत नाही. सगळं इंग्रजीत, पण मला प्रत्येक वाक्य सांगलीच्या मराठीत ऐकू येत होतं. पालकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, सगळ्यांत जोरात.

मग माझी मुलगी उठली. माझी पांढरी चादर खांद्यावर पिनेने लावलेली, हातात जहाज नाही, कागदही नाही. ती कॉरिंथकडे वळली. इंग्रजीतच म्हणाली, पण मी ते इथे माझ्या भाषेत देते, कारण ते मुळात माझ्याच भाषेत होतं. ती म्हणाली, "तू आम्हाला जगायला पाठवलंस, ताब्यात ठेवायला नाही. तुझा अपमान झालेला नाही. आम्ही मोठे झालो, आणि तुझ्यावाचून झालो, याचं तुला दुःख आहे."

नवरा माझ्या कानाशी आला. "काय बोलली बघ. काकूने लिहून दिलं असेल."

काकूने नव्हतं दिलं. माझ्या वहीच्या समासात ते वाक्य आहे. एकविसाव्या वर्षी, एका दुपारी, मी कॉरिंथवर वैतागून ते लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मुलीला हिंदीमुळे देवनागरी वाचता येते. अक्षर लावत लावत तिने रात्री कधीतरी तेवढं वाचलं असणार. एवढ्या जाड वहीतून तिने नेमकं तेच उचललं. माझा ऊर भरून आला आणि त्याच वेळी तोंडात मारल्यासारखंही झालं. सभागृहात टाळ्या चालू होत्या. त्या वेळी वाजवायला माझे हात उठले नाहीत.

बाहेर पार्किंगमध्ये जावेची गाडी उभी होती. ती सव्वा तास गाडी चालवत आली होती आणि वर न येता खाली बसून राहिली होती. मागच्या सीटवर जहाज होतं, वल्ह्यांच्या तीन रांगा असलेलं, पांढऱ्या फोमचं, इतकं नेटकं की माझ्या ऑफिसातले इंजिनीअर बघत राहिले असते. मुलगी "काकू" म्हणत धावली. जाऊ उतरून माझ्याकडे आली.

"मी पास मागायला नाही आले, वहिनी. जहाज द्यायला आले होते. उशीर झाला."

"मी ते 'जाऊ नको' लिहिलं ना," मी म्हणाले, "ते तसं नव्हतं."

"मला वाचल्यावर लगेच कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"दोन्ही," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिचे डोळे मात्र सुजलेले होते, आणि ते बघून मला आत कुठेतरी बरं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण बरं वाटलं.

तेवढ्यात मुलगी गाडीच्या दाराला धरून उभी राहिली आणि तिने मला विचारलं. मराठीत विचारलं, आणि कळवलं नाही, विचारलं.

"आई, जाऊ?"

नवरा माझ्याकडे बघत होता, जाऊ जमिनीकडे. शनिवार-रविवारचं विचारत नव्हती ती, हे आम्हा चौघांनाही कळत होतं. मला कॉरिंथचा पुढचा इतिहास माहीत होता. कॉर्सिरात पुढे घराघरांत खून पडले, देवळात आसरा घेतलेली माणसंही सुटली नाहीत. अथेन्सच्या भिंती पाडल्या गेल्या. आणि कॉरिंथने ज्या स्पार्टाला चिथावून युद्धात ओढलं, त्याच्याच विरुद्ध काही वर्षांनी कॉरिंथ अथेन्सच्या शेजारी उभं राहून लढलं. कोणाच्याच हाती काही लागलं नाही. कॉर्सिरा तर परत आलंच नाही.

"जाऊ म्हणू नये," मी म्हणाले. "येते म्हणावं."

ती हसली. "सेम थिंग, आई. बाय." आणि गाडीत बसली.

एप्रिलपासून ती तिकडेच आहे. शुक्रवारी दुपारी नवरा तिला अजमानला आणतो, रविवारी काका घेऊन जातो. ती उंच झाली आहे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली आहेत. जहाज तिच्या तिथल्या खोलीत आहे आणि माझी वहीसुद्धा. मी भेंडी करते, ती खाते, चांगली झाली म्हणते. मी फारशी ओरडत नाही. दोन दिवसांसाठी कोण ओरडणार?

मागच्या आठवड्यात जावेचा फोन आला. सासूबाईंच्या औषधांचं काहीतरी विचारायचं होतं तिला. ठेवता ठेवता म्हणाली, "वहिनी, एक सांगायचं राहिलं. तुमचं वळण हो पोरीला. रोज सकाळी बसला निघते ना, दारात उभी राहून म्हणते, 'काकू, येते.' न चुकता. इतकं छान वाटतं ऐकायला."

मी म्हणाले, "हो, आमच्याकडे तशी पद्धत आहे."

रविवारी काका खाली आला. तिने बॅग उचलली, लिफ्टचं बटण दाबलं. मी दारात उभी होते आणि काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

"बाय, आई," ती म्हणाली.